तिसरा स्पोक तुटायची वाट पाहू नका

प्रश्न: आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. दीड वर्षापूर्वी लांब कॅरिअरची इलेक्ट्रिक कार्गो सायकल घेतली. मोटर मागच्या चाकात आहे, २५० वॅटची. बॅटरी ४८ व्होल्ट, १३ अँपिअर-तास. चाकं २० इंची, दोन्हीकडे केबलचे डिस्क ब्रेक. मागे दोन मुलं बसतात, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा चार. शाळा, भाजी, क्लास मिळून रोज दहा-बारा किलोमीटर होतात. सायकल पार्किंगमध्ये उघड्यावर असते. हल्ली ब्रेक किंचाळतात. आधी एका चार्जमध्ये ४५ किलोमीटर जायची, आता ३० ला दम टाकते. मध्यंतरी मागचे दोन स्पोक तुटले, ते कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने बदलून दिले. सेक्रेटरी म्हणतात जिन्यात चार्जिंग बंद करा, सासूबाई म्हणतात पावसात पोरांना नेऊ नकोस, आणि दीर म्हणतात एक वायर काढली की चाळीसने पळेल. मी सुरुवात कुठून करू?

उत्तर: स्पोकपासून. पत्रातली सगळ्यात गंभीर गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे. किंचाळणारा ब्रेक आणि दमलेली बॅटरी निदान बोलून दाखवतात. चाक काही बोलत नाही, एक दिवस वळणावर लंबगोल होतं. मागचं चाक नीट होईपर्यंत मुलांना सायकलवर बसवू नका. आठवडाभर रिक्षा करा.

कारण समजून घ्या, म्हणजे सायकलवाल्याशी बोलता येईल. सायकल साधारण ३४ किलो, तुम्ही समजा ६०, मुलगी २२, मुलगा १६, सीट, दप्तरं आणि भाजी मिळून १२. झाले १४४ किलो. यातला साठेक टक्के भार, म्हणजे ८५ किलोच्या पुढे, एकट्या मागच्या चाकावर येतो. साध्या सायकलच्या मागच्या चाकाला याच्या निम्मंच सोसावं लागतं. वर तुमची मोटरही त्याच चाकाला आतून रेटते. २० इंची चाक एका किलोमीटरला सुमारे ६०० फेरे घेतं. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक स्पोक जमिनीकडे आला की क्षणभर सैल पडतो आणि वर गेला की पुन्हा ताणला जातो. बारा किलोमीटरला ७,००० वेळा. स्पोक मुळात घट्ट असेल तर हा फरक त्याला जाणवत नाही. ढिला असेल तर खाली येताना तो पूर्ण सैल होतो आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, भोकापाशी, जिथे तो वाकवलेला असतो, तिथे मागेपुढे हलत राहतो. लोखंडी तार हाताने वाकवून वाकवून तोडतात ना, तेच. म्हणजे स्पोक जास्त आवळल्याने तुटतात हा समज उलटा आहे. बहुतेक वेळा ते ढिले राहिल्यामुळे तुटतात.

आता दोन नवे स्पोक बसले, पण बाकीचे सगळे त्याच दीड वर्षाचे, तितकेच थकलेले. तिसरा तुटणार हे नक्की, कधी एवढंच ठाऊक नाही. तेव्हा सुटे स्पोक बदलत बसू नका. चाक पूर्ण उकलून सगळे स्पोक आणि निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळणारे छोटे नट, नवे टाका. १३ गेजचे, म्हणजे २.३ मिलिमीटर जाडीचे, स्टेनलेस स्टीलचे घ्या. दुकानदार ‘मोटर आहे म्हणजे १२ नंबरच टाकू’ म्हणेल. जाड स्पोक मजबूत वाटतो, पण तो कमी ताणला जातो, म्हणून खड्ड्यात लवकर सैल पडतो. शिवाय मोटरचा हब मोठा आणि चाक लहान, त्यामुळे स्पोक आखूड असतात आणि रिममध्ये तिरके शिरतात. जाड तार तिथे नीट वळत नाही आणि निपलपाशी मोडते. लांबी मिलिमीटरमध्ये जुळायला हवी. दोन्ही बाजूंचा एकेक न तुटलेला जुना स्पोक नमुन्याला न्या, कारण दोन्ही बाजूंची लांबी वेगळी असू शकते. रिमच्या भोकांभोवती केसासारखी चीर दिसली तर रिमही बदला.

चाक बांधून आलं की गाडीवर चढवायच्या आधी प्रत्येक स्पोक बोटाने छेडून बघा. एका बाजूच्या सगळ्या स्पोकांचा सूर जवळपास सारखा लागला पाहिजे. एखादा ‘टुण्ण’ऐवजी ‘थड्’ वाजला तर तो ढिला. मग पहिले १०० किलोमीटर मुलांशिवाय चालवा. मुलांच्या जागी तांदळाची गोण बांधली तरी चालेल, उलट उत्तमच. नवे स्पोक या काळात आपापल्या जागी बसतात आणि ताण उतरतो, म्हणून चाक परत नेऊन आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढून घ्यायची आणि ताण पुन्हा द्यायचा. ही दुसरी फेरी बहुतेक जण टाळतात आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्पोक तुटला म्हणून येतात. त्यानंतर दर तीन महिन्यांनी छेडून बघणं पुरेसं आहे.

चाक उतरवलंच आहे तर आस तपासा. हब मोटर फिरताना तिचा आस उलट दिशेला फिरायला बघतो. त्याला दोन सपाट कडा आणि दात असलेले वायसर अडवून धरतात. नट ढिले झाले की आस खाचेत डोलतो, हळूहळू खाच रुंद करतो आणि शेवटी गर्रकन फिरून मोटरची वायर पिळून तोडतो. काही सायकलींना यासाठी फ्रेमला टेकणारी लोखंडी पट्टी असते, टॉर्क आर्म. तुमच्या सायकलला नसेल तर बसवून घ्या. उतरवताना वायसरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा, चुकीचा लागला तर सगळंच व्यर्थ. नट बहुधा १८ च्या पान्याचे असतात. आवळण सायकलच्या पुस्तिकेत दिली असेल ती, साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर. त्यासाठी टॉर्क रेंच, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, लागतो. नागदेवी स्ट्रीटवर मिळतो, स्टेनलेसचे नटबोल्टही तिथूनच घ्या. नट आवळून झाला की नट आणि फ्रेम यांच्यावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रोज सकाळी त्या रेघेकडे बघायचं. रेघ तुटलेली दिसली, म्हणजे नट हलला. याहून स्वस्त उपकरण अजून निघालेलं नाही.

आता ब्रेक. मुंबईत सकाळी पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक दाबताना खरखर येते, ती दमट हवेने डिस्कवर आलेल्या गंजाची. ती जाते, काळजी नको. दिवसभर किंचाळत असेल तर दोन शक्यता: पॅडवर काचेसारखी चकाकी आली आहे किंवा तेल गेलं आहे. तेल कुठून जातं? चेनला स्प्रे मारताना. मोटारसायकलवाले गंज काढायला जो स्प्रे सगळीकडे फवारतात, त्याचा एक शिंतोडा डिस्कवर पडला तरी पॅड तो शोषून घेतात. चकाकी असेल तर पॅड काढून सपाट लादीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासा, डिस्क स्वच्छ कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. तेल गेलं असेल तर पॅड फेकून द्या. गॅसवर भाजून तेल काढायचे प्रयोग घरात नकोत, आणि ते पॅड मुलांच्या गाडीला तर मुळीच नकोत.

पॅडचा घासणारा थर, म्हणजे मागची लोखंडी पट्टी सोडून, अर्धा मिलिमीटर राहिला की संपला असं ब्रेक बनवणारे सांगतात. एवढं वजन घेऊन चालणाऱ्या सायकलला आम्ही एक मिलिमीटरलाच बदला म्हणू. डिस्क नवी बहुधा १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की बाद. काही कार्गो सायकलींना जाड डिस्क येते, तिच्यावर किमान जाडी कोरलेली असते, ती पाळा. पॅड दोन प्रकारचे मिळतात. रेझिनचे शांत असतात पण पावसाच्या चिखलात साबणासारखे झिजतात. धातूचे जास्त टिकतात, भिजल्यावरही धरतात, पण आवाज करतात. जून ते सप्टेंबर धातूचे घाला, फक्त आधी डिस्कवर ‘केवळ रेझिन’ अशी सूचना छापली आहे का ते बघा. असेल तर डिस्कही बदलावी लागेल. नवे पॅड लगेच पूर्ण ताकदीने धरत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर, मुलांशिवाय, वीसच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत सावकाश ब्रेक लावा. पुढचा वीस वेळा, मागचा वीस वेळा, चाक लॉक न करता.

केबलच्या ब्रेकची एक खोड असते. बहुतेकांत फक्त बाहेरचा पॅड हलतो, आतला स्थिर असतो. लोक लिव्हर सैल झाला की केबल ओढून घेतात, पण आतला पॅड कोणी पुढे सरकवत नाही. मग डिस्क वाकून त्या पॅडला जाऊन टेकते आणि अर्धी ताकद तिथेच वाया जाते. आधी आतला पॅड त्याच्या गोल स्क्रूने डिस्कला जेमतेम लागू नये इतका जवळ आणा, केबल नंतर. लिव्हर पूर्ण दाबल्यावर त्याच्या आणि मुठीच्या मध्ये दोन बोटं राहिली पाहिजेत. केबल आणि तिचं आवरण दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदला, पार्ल्याच्या हवेत आतून गंजतेच. पुढेमागे तेलाचे ब्रेक घ्यायची ऐपत आणि इच्छा असेल तर जरूर घ्या, लहान हातांना तर फारच सोयीचे. मात्र मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट, म्हणजे मोटारींच्या ब्रेकचं, तेल घातलं की आतली रबरं फुगून ब्रेक जातो.

आणखी एक चाचणी, जी दुकानदारही करत नाहीत. सायकल डबल स्टँडवर लावा, मागचं चाक अधांतरी ठेवा, मोटर चालू करून चाक फिरवा आणि लिव्हर किंचित दाबा. ब्रेक लागायच्या आधीच मोटर बंद पडायला हवी. दोन्ही लिव्हर वेगवेगळे तपासा. लिव्हरमधला तो छोटा स्विच पाण्याने बिघडला तर तुम्ही थांबवताय आणि मोटर ढकलतेय, अशी ओढाताण गोरे पुलाच्या उतारावर व्हायला नको. महिन्यातून एकदा, पावसाळ्यात दर रविवारी.

मुलांच्या बाबतीत, पाय स्पोकमध्ये जाणं हा सगळ्यात मोठा धोका. मोटारसायकलला साडी-गार्ड असतो तो उगाच नाही. तुमच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी किंवा प्लास्टिकचा पत्रा हवा, आसाच्या खालपर्यंत पोचणारा, आणि पाय ठेवायला फळी हवी. तुमच्या ओढणीचं आणि मुलीच्या दप्तराच्या लोंबत्या पट्ट्याचंही त्यातच भलं आहे. सीटचे आणि कॅरिअरचे बोल्ट महिन्याला एकदा ॲलन कीने चाचपा. ५ मिलिमीटरच्या बोल्टला ५-६ न्यूटन-मीटर, ६ च्याला ८ ते १०, पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच खरं. निळा थ्रेड-लॉक, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव, लावा, लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही. चार वर्षांच्या मुलाला पट्टा असलेली सीट, दोघांना हेल्मेट.

चढवताना क्रम ठरवून टाका: मोटर बंद, स्टँड खाली, पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला चिकटपट्टी आवळलेली, मग मुलं. मोटर आधी बंद करायचं कारण म्हणजे चार वर्षांच्या मुलाला थ्रॉटल पिळल्याशिवाय चैन पडत नाही. स्टँडवर मुलं बसलेली असताना हात सोडून दूध आणायला जाऊ नका. दोन पायांचा स्टँड पुढे-मागे खंबीर असला तरी बाजूने सहज उलटतो, विशेषतः ओल्या पेव्हर ब्लॉकवर. त्याच्या पायांचे रबर झिजून लोखंड दिसायला लागलं की बदला. पिशव्या हँडलला अडकवू नका, कॅरिअरच्या खालच्या बाजूला, आसाच्या पुढे ठेवा. हळू चालवताना हँडल थरथरत असेल तर आधी मागची हवा बघा, मग पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या दांड्याखाली ‘कट कट’ जाणवली तर तिथलं बेअरिंग ढिलं आहे.

हवा आठवड्यातून एकदा, गेज लावून. अंगठ्याने दाबून बघणं या वजनाला चालत नाही. २.४ इंच रुंद टायर असेल तर मागे ४० ते ४५ पीएसआय आणि पुढे ३० ते ३५ ही सुरुवात. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्याच्या वर जायचं नाही. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण तिथला कॉम्प्रेसर कारच्या टायरसाठी असतो. थोडी थोडी भरायला सांगा, नाहीतर ट्यूब तिथेच फुटते. पंक्चर झालं तर मोटरचं चाक उतरवायचा हट्ट पंक्चरवाल्याला करू देऊ नका. टायरची एक बाजू रिममधून काढून, ट्यूबचा तेवढाच भाग ओढून पॅच मारता येतो. चाक जागेवरच राहतं, वायरही.

चेनसाठी एक फूटपट्टी पुरे. एका पिनच्या मध्यापासून चोवीस कड्यांनंतरच्या पिनच्या मध्यापर्यंत नवी चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. आठ-नऊ गिअरला ३०७ वर गेली की बदला, उशीर केला तर मागचे दाते खाऊन टाकते. लांब सायकलला एक नेहमीची चेन पुरत नाही, दोन घेऊन जोडावी लागते. दुकानात जाण्याआधी कड्या मोजून जा. तेल पावसाळ्यासाठीचं, प्रत्येक रोलरला एक थेंब, पाच मिनिटांनी वरचं सगळं कोरड्या कापडाने पुसून टाकायचं. शिवणयंत्राचं तेल पहिल्या सरीत वाहून जातं आणि ग्रीस रस्त्याची वाळू गोळा करून पॉलिश पेपर बनतं.

पावसाबद्दल सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. नुसत्या पावसाला ही सायकल भीत नाही. साठलेल्या पाण्याला ती भ्यायला हवी, आणि तुम्हीही. २० इंची चाकाचा आस जमिनीपासून सव्वीसेक सेंटिमीटरवर असतो आणि मोटरचं कडं त्याच्याही बरंच खाली येतं. पाणी घोट्याच्या वर दिसलं की उलट फिरा. मिलन सबवेत किंवा अंधेरी सबवेत पाणी भरलं असेल तर हा प्रश्नच येत नाही. मोटर पाण्यात बुडाली की ती वायरच्या भोकातून आणि झाकणाच्या फटीतून पाणी आत ओढते, कारण चालून गरम झालेली मोटर थंड पाण्यात आली की आतली हवा आकुंचन पावते. लगेच काही होत नाही. तीन आठवड्यांनी आतले सेन्सर गंजतात आणि सायकल निघताना गुरगुरत झटके द्यायला लागते. ‘आयपीएक्स४’ असं पत्रकावर लिहिलेलं असतं त्याचा अर्थ शिंतोडे चालतील, एवढाच. मोटर बुडालीच तर बटण चालू करून बघायचा मोह टाळा. बॅटरी काढा, मोटरचं झाकण उघडून वाळवून आणि बेअरिंग बघून घ्या. आणि पाण्याखालचं उघडं गटार कोणत्याही सायकलला दिसत नाही, हे सासूबाईंनी बहुधा मनात धरलेलं असणार.

मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळे वायरचे जोड उघडा, सुकवा, आत सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस नखभर लावा आणि बाण जुळवून सरळ दाबा, पिळू नका. मोटरची वायर आसाकडे जाताना खाली झोळ पडला पाहिजे, म्हणजे पाणी झोळाच्या टोकाला गळून जातं, आत जात नाही. डिस्प्लेला आणि बॅटरीला प्लास्टिकची पिशवी गच्च बांधणं मात्र उलट फळ देतं. आत घाम धरतो आणि तो बाहेर निघत नाही. वरून ताडपत्री टाका, खालून हवा खेळू द्या. धुताना बादली आणि फडकं, सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा कधीही नाही. चौपाटीवर जाऊन आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुसून काढा, खारं पाणी स्पोकच्या निपलना महिन्याभरात धरतं. पावसाळ्यानंतरची मोठी सफाई खंडेनवमीला करा, नाहीतरी गाडी धुऊन हार घालतोच. फक्त तो झेंडूचा हार चालवण्याआधी काढा, पुढच्या चाकात गेला तर ब्रेकपेक्षा वाईट.

बॅटरी ३० ला दमते याचा दोष लगेच बॅटरीला देऊ नका. तुमची बॅटरी ६२४ वॅट-तासांची, भरलेल्या सायकलला किलोमीटरला १३ ते १५ वॅट-तास लागतात, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस हाच तिचा नवेपणीचा आकडा. आधी दोन्ही चाकं अधांतरी फिरवा. ब्रेक घासून चाक लवकर थांबत असेल तर चोर तिथे आहे. नंतर हवा. या दोन्हींनंतरही तीसच राहिले तर मल्टिमीटर घ्या, लॅमिंग्टन रोडवर साधा मिळतो. पूर्ण चार्ज करून, एक तास थांबून बॅटरीच्या तोंडाशी व्होल्ट मोजा. सर्वसाधारण लिथियम-आयन बॅटरीत तेरा सेलगट एकापुढे एक असतात, पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. ५३ च्या खाली दिसला तर एखादा गट मागे पडला आहे. त्यावर पहिला उपाय फुकटचा: दोन-तीन वेळा पूर्ण चार्ज होऊन चार्जरचा दिवा हिरवा झाल्यावरही आणखी दोन तास लावून ठेवा, तुम्ही घरात जाग्या असताना. गट जुळवायचं काम आतलं सर्किट बहुधा टोकाला पोचल्यावरच करतं. आकडा वाढला नाही तर विक्रेत्याकडे द्या. गल्लीत बॅटरी उघडून ‘खराब सेल बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे नाही. जुन्या सेलांत एक नवा घातला की तो जोड कधी कसा वागेल याची हमी कोणी देत नाही. अगदीच संपली तर कचऱ्यात टाकू नका, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर आहे.

रोज चार्जिंग ८०-९० टक्क्यांवर काढा, महिन्यातून दोनदा शंभर करा. मे महिन्यात गावी जाताना निम्मी भरून, सायकलवरून काढून, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. परदेशी पुस्तिकांत शून्य अंशाखाली चार्ज करू नका असं ठळक छापलेलं असतं. आपल्याला दुसरं टोक लागू आहे, उन्हात तापलेली बॅटरी अर्धा-पाऊण तास निवल्याशिवाय चार्जरला लावू नका. भिजलेली तर नाहीच.

दिरांच्या वायरीबद्दल थोडक्यात. मोटरची अर्ध्या तासाची मोजलेली ताकद २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, या मुख्य अटींत बसत असेल तरच अशी सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन ठरत नाही, आणि म्हणून तिला नोंदणी, लायसन्स लागत नाही. चाळीसने पळवली की ती सूट संपली. आणि पंचवीसऐवजी चाळीसच्या वेगावरून थांबायला अडीचपट ऊर्जा ब्रेकला गिळावी लागते. १४४ किलोच्या गाडीचे ब्रेक त्यासाठी बनवलेले नाहीत. वायर जागेवर राहू द्या.

राहिले सेक्रेटरी. ते बरोबर आहेत. जिना ही आग लागल्यावर खाली उतरायची एकमेव वाट असते. तीच अडवून बॅटरी चार्ज करणं तुमच्याच मुलांसाठी धोक्याचं. घरात मुख्य दरवाज्यापासून दूर, पलंग-सोफा-पडद्यापासून लांब, उघड्या लादीवर ठेवा. एक्स्टेंशन नको, भिंतीतलाच घट्ट बसणारा, अर्थिंग असलेला सॉकेट. दोन अँपिअरचा चार्जर ११० वॅटच्या आसपास शक्ती देतो, सहा अँपिअरचा साधा सॉकेट त्याला भरपूर आहे, आणि रिकामी बॅटरी सात तासांत भरते. रात्री झोपताना लावायची सवय मोडा, संध्याकाळी सातला लावून अकरापर्यंत होईल तेवढी पुरे. दहा-बारा किलोमीटरला तेवढीही लागत नाही. चार्जर त्याच बॅटरीचा, शेजारच्या स्कूटरचा पिन बसतो म्हणून नाही. पेटी फुगली, गोडसर उग्र वास आला, चार्ज होताना हात ठेववत नाही इतकी तापली किंवा आत पाण्याचा आवाज आला तर चार्जिंग बंद, बॅटरी इमारतीबाहेर मोकळ्यावर, आणि विक्रेत्याला फोन. धूर निघू लागला असेल तर तिला हात लावू नका. सगळ्यांना घेऊन खाली या, दार ओढून घ्या आणि १०१ लावा.

सेक्रेटरींना लेखी विचारा की पार्किंगमध्ये, जिन्यापासून दूर, छपराखाली एक सॉकेट आणि सबमीटर देता येईल का. पूर्ण चार्जला पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, हे त्यात लिहा. बहुतेक सेक्रेटरींना आकडा सांगितला की निम्मा विरोध मावळतो. आणि ते छप्पर मिळालं तर तुमच्या केबल, चेन आणि निपल या तिघांचंही आयुष्य वाढेल.